जळगावचा रविवारचा कवितेचा क्लास : दहावीच्या पालकांनी वाचावा असा आमचा वर्षभराचा अनुभव

आम्ही भुसावळचे. मुलगी दहावीला होती, आता अकरावीला गेली. मराठीच्या कवितेसाठी आम्ही तिला वर्षभर दर रविवारी जळगावला नेलं. खूप जणांनी विचारलं की मराठीसाठी कोणी क्लास लावतं का आणि तोही फक्त कवितेसाठी, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. क्लासला नाव नाही, पाटी नाही, घराच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत चालतो. मॅडम हायस्कूलवरून रिटायर झालेल्या आहेत, त्यांना आवडणार नाही म्हणून त्यांचं नाव टाकत नाही. फी महिन्याला सहाशे रुपये, रविवारी दहा ते साडेबारा, एका बॅचला चौदा-पंधरा मुलं, त्याच्यावर एकही घेत नाहीत.

आधी काय झालं ते सांगते, नाहीतर आम्ही तिथे का गेलो ते कळणार नाही. नववीत मुलीला गावातल्याच एका मोठ्या क्लासला टाकलं होतं, सगळे विषय एकत्र पॅकेजमधे. तिथे मराठीच्या कवितेचं रसग्रहण म्हणजे एक छापील झेरॉक्स मिळायची आणि ती पाठ करायची. एक दिवस मी तिची वही चाळत होते तर तीन वेगवेगळ्या कवितांच्या रसग्रहणात पहिली चार वाक्यं तंतोतंत सारखी, प्रस्तुत कवितेत कवीने अतिशय साध्या सोप्या ओघवत्या भाषेत वगैरे, फक्त कवितेचं नाव बदललेलं. मी तिला विचारलं की बाई ओघवती म्हणजे काय गं, तर तिला सांगता येईना. मला फार वाईट वाटलं. माझी मुलगी काही ढ नाही, घरी तासनतास बोलते, पण तिला तो शब्द फक्त लिहायला दिला होता, समजून घ्यायला कोणी दिलाच नव्हता.

मॅडमकडे पहिल्या रविवारी मी पण बसले, पालकांना पहिला तास बसू देतात. मला वाटलं पाठ्यपुस्तक काढतील. पुस्तक काढलंच नाही, आणि पुढचा पूर्ण महिना काढलं नाही. बालकवींची औदुंबर कविता त्यांनी फळ्यावर लिहिली, आठ ओळींची. दोनदा मोठ्याने वाचली, अगदी सावकाश, आणि मग म्हणाल्या अर्थ मला नको, काय काय दिसलं तेवढंच सांगा. मुलं आधी गप्प. मग एक जण म्हणाला झरा, एक म्हणाली टेकडी, गाव, शेतं, पायवाट, डोह, झाड. मग म्हणाल्या रंग सांगा. हिरवा, निळासावळा, पायवाट पांढरी आणि शेवटी काळा डोह. मग पेन्सिलने प्रत्येक ओळीतलं क्रियापद शोधून त्याच्याभोवती गोल करायला लावला. झरा वाहतो, शेतमळ्यांची गर्दी लागली, पायवाट अडवीतिडवी पडे आणि मग चालली, काळिमा पसरी, आणि अगदी शेवटच्या ओळीत औदुंबर बसला. हे सगळं फळ्यावर एकाखाली एक आल्यावर माझीच मुलगी पटकन बोलली, मॅडम सगळं चालतंय आणि शेवटचा एकटाच बसलाय. मॅडम म्हणाल्या, बघ, हे तुला गाईडने सांगितलं नाही, क्रियापदांनी सांगितलं.

मी लहानपणी ती कविता पाठ केलेली होती, ऐल तटावर पैल तटावर, आजही झोपेत म्हणेन. पण इतक्या वर्षात तो बसलेला आणि बाकी सगळं चालणारं आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

पुढे तिथेच मुलांचं भांडण झालं आणि मॅडमने ते होऊ दिलं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. एक मुलगी म्हणाली औदुंबर म्हणजे पाण्यात पाय सोडून बसलेलं लहान पोर आहे, मजेत आहे. एक मुलगा म्हणाला नाही, म्हातारा आहे आणि दुःखी आहे. मॅडम फक्त एकच विचारायच्या, कोणत्या शब्दावरून? पोरगी म्हणाली पाय टाकुनी, आणि काळिमासुद्धा गोड म्हटलाय. पोरगा म्हणाला काळा डोह, झाकळुनी, पायवाट तिकडेच चाललीय. दोघांकडे शब्द होते म्हणून दोघांचं फळ्यावर लिहिलं. मग मॅडमने सांगितलं की या कवितेवर मोठमोठ्या समीक्षकांचं पण एकमत नाही, कोणी म्हणतं नुसतं सुंदर निसर्गचित्र आहे, कोणी म्हणतं खाली उदासी आहे, त्यामुळे तुम्ही भांडताय ते बरोबरच आहे, फक्त हातात कवितेतला शब्द पाहिजे. तिसऱ्या एकाने म्हटलं हे आत्महत्येबद्दल आहे कारण बालकवी रेल्वेखाली गेले. तिथे मात्र मॅडमने थांबवलं. म्हणाल्या मरण १९१८ चं आणि तो अपघात होता, कविता त्याच्या आधीची, आपल्याला नंतरचं माहिती आहे म्हणून ते मागे नेऊन कवितेत कोंबायचं नाही. कवीचं आयुष्य माहिती असावं पण उत्तर कवितेतून काढायचं. हे वाक्य मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे अजून.

इथे थोडं विषयांतर करते. आम्ही भुसावळहून जळगावला रेल्वेने जायचो, आणि मधे भादली स्टेशन लागतं. त्याच भादलीला ५ मे १९१८ ला बालकवी गेले, वयाची अठ्ठावीस पण पूर्ण नव्हती. जन्म धरणगावचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. आणि बालकवी हे नाव पण जळगावनेच दिलेलं आहे, १९०७ ला जळगावात कविसंमेलन भरलं होतं तिथे हा सतरा वर्षांचा पण नसलेला पोरगा कविता म्हणायला उभा राहिला आणि अध्यक्ष कीर्तिकर यांनी त्याला बालकवी म्हटलं. खरं नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. मी आयुष्यभर त्या मार्गाने ये-जा केली पण भादली आलं की मला फक्त आता जळगाव जवळ आलं एवढंच कळायचं. त्या रविवारनंतर भादली आलं की आम्ही दोघी मायलेकी आपोआप बोलायचं थांबायचो. कोणी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात बहिणाबाई. खान्देशात राहून बहिणाबाईंची एक तरी ओळ माहिती नाही असा माणूस सापडणार नाही, विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण माहिती असणं आणि समजणं यात किती अंतर आहे ते इथे कळलं. मॅडमने मन वढाय वढाय घेतली आणि मुलांना घरी पाठवलं की आजीला विचारून या वढाय म्हणजे काय. गाईडमधे लिहिलंय ओढाळ, संपलं. मुलीने घरी येऊन माझ्या सासूबाईंना विचारलं, आजी वढाय ढोर म्हणजे काय गं. सासूबाई म्हणाल्या, अवं पोरी, जे ढोर दावनीले थांबत नही ते. मग त्यांचं सुरूच झालं, त्यांच्या माहेरी यावलकडे एक गाय होती ती कशी रात्री दावं तोडून शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरायची, तिच्या गळ्यात कसं लाकडाचं लोढणं बांधलेलं होतं, ते पायात आपटायचं तरी ती जायचीच, आणि मग शेजारी कसा भांडायला यायचा. अर्धा तास आमच्या घरात एका शब्दावर गप्पा. मुलीने सगळं लिहून नेलं.

पुढच्या रविवारी वर्गात पंधरा आज्यांचे पंधरा किस्से. मग मॅडमने विचारलं, बहिणाबाईंनी नुसतं पिकातलं ढोर का नाही म्हटलं, उभ्या पिकातलं का म्हटलं? आता आम्ही शेती सोडून दोन पिढ्या झाल्या पण हे मला लगेच कळलं, उभं पीक म्हणजे हाताशी आलेला अख्खा हंगाम. कापून झालेल्या शेतात ढोर शिरलं तर कोणी धावत नाही. मन भरकटतं तेव्हा जे सगळ्यात मोलाचं आहे तेच तुडवतं, हे त्या एका उभ्या शब्दात आहे. आणि फिरी येतं मधला फिरी आमच्याकडे आजही बोलतात, पुन्हा या अर्थाने. मुलीला आतापर्यंत तो शब्द गावंढळ वाटायचा, आजी बोलली की मैत्रिणींसमोर लाजायची. त्या दिवसापासून लाजणं बंद झालं. हे कुठल्या मार्कात मोजणार मला माहिती नाही पण माझ्यासाठी तिथेच वर्षाची फी वसूल झाली.

मग मोजणं शिकवलं. मन वढाय वढाय, बोटावर मोजा, आठ अक्षरं. उभ्या पिकातलं ढोर, आठ. किती हाकला हाकला, आठ. फिरी येतं पिकांवर, आठ. अरे संसार संसार घ्या, तिथे पण आठ. मुलं येडी झाली मोजून मोजून. बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं, कोणी त्यांना छंद शिकवला नाही, मग हे आठ आले कुठून? मॅडमने एका मुलाला बाक ठोकायला लावलं आणि एकीला हाताने जातं फिरवल्यासारखं करायला लावलं आणि बाकीच्यांना त्या तालावर म्हणायला लावलं. तेव्हा कळलं की कानातून आणि हातातून आलं. दळताना, निंदताना, काम करता करता म्हटलेल्या ओळी त्या, सोपानदेवांनी म्हणजे त्यांच्या मुलाने वगैरे उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ ला निघालं, म्हणजे त्यांनी स्वतःचं पुस्तक बघितलंच नाही. हे ऐकून वर्गातली एक बारकी पोरगी रडायला लागली होती. मग मॅडमने तुकोबांचं जे का रंजले गांजले मोजायला दिलं, तिथे पण आठ आणि आठ. तेव्हा अभंग आणि ओवी यांचं नातं पोरांना बोटावर सापडलं, व्याख्या पाठ न करता.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना आसोद्याला नेलं होतं, बहिणाबाईंचं माहेर, जळगावला लागूनच आहे. तिथे शाळेसारखी माहिती दिली नाही, कपाशीच्या शेताच्या बांधावर बसून फक्त कविता म्हटल्या आणि कोणाच्या तरी घरून आलेलं भरीत आणि कळण्याची भाकर खाल्ली. मी गेले होते. भाकरी हातात घेऊन संसाराचे चटके म्हणायचे म्हणजे वेगळंच होतं ते.

भाकरीवरून आठवलं, पाठ्यपुस्तकातल्या कविता सुरू झाल्या तेव्हाचा सगळ्यात चांगला तास गिरणीत काम केलेले कवी नारायण सुर्वे यांच्या दोन दिवस या कवितेचा झाला, ती दहावीला आहे. मी त्या दिवशी बाहेर जिन्यात बसले होते आणि सगळं ऐकू येत होतं. त्यात भाकरीचा चंद्र असा शब्द आहे. गाईडमधे लिहिलंय इथे रूपक अलंकार आहे, आणि पुढे काही नाही. मॅडमने विचारलं चंद्रच का, ताट का नाही, रुपया का नाही? तो पण गोलच असतो. पोरं विचार करायला लागली. गोल आहे हे झालं. पांढरा आहे. रोज दिसतो. कमी जास्त होतो. आणि मग मागून कोणीतरी म्हणालं, दिसतो पण हाताला लागत नाही. एकदम शांतता. मग मॅडमने हळूच विचारलं, बहिणाबाईंची भाकर कुठे होती? तव्यावर. चटके बसले तरी शेवटी मिळते. आणि गिरणी कामगाराची भाकर? आभाळात. दोन भाकरी शेजारी शेजारी ठेवल्या आणि मुलांना म्हणाल्या आता लिहा. मुलीने त्या दिवशी दीड पान लिहिलं, मी तिला कधी मराठीचं दीड पान आपणहून लिहिताना बघितलं नव्हतं. तुलना करून समजावणं ही मॅडमची खरी ताकद आहे. नुसतं अलंकाराचं नाव लिहिलं तर त्या वहीवर एकच शेरा मारतात, मग काय झालं? म्हणजे अलंकार आहे हे ठीक, पण त्याच्यामुळे कवितेत काय घडलं ते लिही.

आता परीक्षेचं, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. दहावीच्या कुमारभारतीची, म्हणजे मराठीच्या पुस्तकाची, कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) ८० मार्कांची, त्यात पद्य विभाग १६ चा आणि रसग्रहण ४ चं. रसग्रहण तीन मुद्द्यांत लिहायचं असतं, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. हे मॅडमने नोव्हेंबरपर्यंत शिकवलंच नाही आणि आम्ही पालक खरंच घाबरलो होतो. आणि मधे एक प्रकार पण झाला. चाचणी परीक्षेत मुलीने रसग्रहण स्वतःच्या मनाने लिहिलं, तिला ४ पैकी दीड मिळाला, कारण विचारलं तर उत्तर नेहमीच्या पद्धतीने नाही असं सांगितलं. शाळेचं नाव घेत नाही, तिथले शिक्षक पण एका वेळी दीडशे-दीडशे पेपर तपासतात हे मला माहिती आहे, पण ती घरी येऊन रडली आणि म्हणाली मम्मी मी परत झेरॉक्स पाठ करते. मी थेट मॅडमला फोन केला, जरा चिडूनच.

मॅडम चिडल्या नाहीत. पुढच्या रविवारी तिचा पेपर घेतला, सगळा वाचला आणि तिला म्हणाल्या, तुझं म्हणणं बरोबर आहे पण तू ते तपासणाऱ्याला सापडेल असं ठेवलं नाहीस. मग तिचंच उत्तर तीन भागात मांडून दाखवलं. कविता कशाबद्दल आहे आणि कोणता भाव आहे ते आशयसौंदर्यात. चंद्र का, उभं पीक का, प्रतिमा आणि अलंकार, रस, ते काव्यसौंदर्यात. बोलीतले शब्द, यमक, छंद की मुक्तछंद, एखाद्या शब्दाची पुनरावृत्ती, जसं सुर्वे यांच्या कवितेत दोन हा आकडा कसा पुन्हा पुन्हा येतो, मजूर आपले दिवस मोजतो तसा, हे भाषिक वैशिष्ट्यात. एक शब्द बदलला नाही, फक्त जागेवर ठेवला. तेच उत्तर पूर्वपरीक्षेत साडेतीन. चौकट शेवटी शिकवायची आणि आधी कविता शिकवायची हे मॅडमचं म्हणणं मला तेव्हा पटलं. आधी चौकट दिली असती तर पोरांनी ती भरायला परत झेरॉक्सच शोधली असती.

आता कमी काय आहे ते पण लिहिते, नाहीतर हे प्रामाणिक होणार नाही. वृत्तं फार घाईत उरकली. भुजंगप्रयात एका रविवारी, मना सज्जना घेऊन लघु गुरु गुरु असं चारदा ठोकून बारा अक्षरं दाखवली, ते छान झालं पण बाकीचं घरी करा म्हणून सांगितलं आणि ज्यांच्या घरी सांगणारं कोणी नाही त्यांचे हाल झाले. मुक्तछंदातल्या नवीन कवितांना ओवी अभंगाइतका वेळ मिळत नाही, मॅडमचा जीव जुन्या कवितेत आहे ते दिसतं. छापील नोट्स नाहीत, एखादा रविवार बुडाला तर दुसऱ्याच्या वहीवरून काढायचं, आणि ऑनलाइन अजिबात नाही. आणि खोली. वर पत्रा आहे, एप्रिलमधे आपल्याकडचं ऊन म्हणजे तुम्हाला माहिती आहे, एक पंखा, आणि लाइट गेली की तोही नाही. मुलं ओले रुमाल डोक्यावर घेऊन बसायची. गाडी लावायला जागा नाही, गल्ली अरुंद आहे. ज्यांना पटापट प्रश्नोत्तरं हवी आहेत, आठवड्याला टेस्ट आणि मार्कांचा मेसेज मोबाईलवर हवा आहे, त्यांनी इथे टाकू नये, दोन महिन्यात भांडण होईल.

बोर्डात मुलीला मराठीत १०० पैकी ८७ पडले. त्यात कवितेचे किती ते मार्कशीटवर वेगळं येत नाही त्यामुळे मी उगीच काही दावा करणार नाही. पण मागच्या महिन्यात सासूबाई जात्यावरची एक ओवी गुणगुणत होत्या, कुठल्या पुस्तकातली नाही, त्यांच्या आईची, आणि मुलगी शेजारी बसून बोटं मोजत होती, आठ झाले की अंगठा दाबायची. मग तिने ती ओवी मोबाईलमधे रेकॉर्ड केली आणि आता दर रविवारी एक करून घेते, आतापर्यंत अकरा झाल्यात. सासूबाईंना आधी वाटायचं पोरगी चेष्टा करून राहिली, आता स्वतःहून हाक मारतात की ये, एक आठवली.

ज्यांना टाकायचं असेल त्यांच्यासाठी, नवीन बॅच जूनच्या दुसऱ्या रविवारपासून असते आणि मे मधेच जागा भरतात. नववीपासून टाकलेलं जास्त चांगलं, दहावीत आधीच धावपळ असते. भुसावळहून येणाऱ्यांनी सकाळची गाडी धरली तर आरामात पोचता येतं, परत यायला दुपारी ऊन असतं म्हणून पाण्याची बाटली मोठी ठेवा. माझा लहाना पुढच्या वर्षी आठवीत जाईल, मॅडम आठवीची मुलं घेत नाहीत पण मी विचारणार आहे, आणि त्याच्याच बरोबर आम्ही तिघी-चौघी आया मिळून वरच्या खोलीला दुसरा पंखा आणि एक इन्व्हर्टर बसवून द्यायचं बोलतोय, अजून कोणाला हातभार लावायचा असेल तर क्लासवर भेटा.